केसाच्या रुंदीत मावलेला इतिहास

इंदूरच्या सराफ्यात दिवसा सोने विकले जाते आणि रात्री त्याच ओट्यांवर खाऊगल्ली भरते. मध्यंतरी तिथल्या एका पेढीवर मंगळसूत्राच्या वाट्या निवडत होतो. सोनाराने आपण होऊन दहापट मोठे दाखवणारे भिंग हातात दिले. नुसत्या डोळ्यांना वाटीच्या आतल्या अंगाला राखाडी रंगाचा एक बारीक ओरखडा दिसत होता. भिंगाखाली त्याच ओरखड्याची अक्षरे झाली. आधी मानक ब्यूरोची त्रिकोणी खूण, मग २२के९१६, मग अंक आणि अक्षरे मिळून सहा चिन्हे. प्रत्येक चिन्हाची कड स्वच्छ होती. वाटी कुठे दबली नव्हती, मागच्या बाजूला फुगवटा आला नव्हता. पोलादी ठसा हातोडीने मारायचे दिवस ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना एवढ्या पातळ पत्र्यावर असे उमटवणे काय असते ते सांगावे लागत नाही.

दागिन्यावर हा सहा चिन्हांचा क्रमांक उमटवायला १ जुलै २०२१ पासून सुरुवात झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून त्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. आज देशात पुष्कळ ठिकाणचे सोने लेसरच्या हाताखालून जाते. ते यंत्र आमच्या गावच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राने बनवलेले नसते. पण या देशात लेसरचा किरण स्वतः तयार करून, त्याला आवरून, त्याच्याकडून केसाच्या रुंदीचे काम करून घ्यायला जे लोक आधी शिकले, त्यांतले पुष्कळसे सराफ्यापासून काही मैलांवर, कॅट रोडच्या टोकाला राहत आले आहेत. या लेखात त्यांच्या संस्थेचा, आणि त्यातही तिच्या लेसरच्या बारीक कामाचा इतिहास सांगायचा आहे. इंडस-१ आणि इंडस-२ या केंद्रातल्या प्रचंड सिंक्रोट्रॉन यंत्रांबद्दल पुष्कळ लिहून झाले आहे; त्यांची छायाचित्रे शाळेच्या पुस्तकात शोभतात. बारीक कामाचे छायाचित्र काढायलाही सूक्ष्मदर्शक लागतो, म्हणून ते मागे राहिले असावे.

गोष्ट इंदुरात सुरू होत नाही. १९६० च्या मे महिन्यात अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेसर किरण काढला. त्यानंतर पाचेक वर्षांत लेसर कारखान्यात पोचला होता. तांब्याची तार हिऱ्याच्या ज्या छिद्रातून ओढतात, ते छिद्र पाडायला पूर्वी दिवस लागत; १९६५ मध्ये बफेलोच्या एका कारखान्यात तेच काम लेसरने होऊ लागले. लेसरचे पहिले औद्योगिक काम हे असे सूक्ष्म छिद्र पाडण्याचे होते, हे मला फार महत्त्वाचे वाटते. लेसर म्हटले की लोकांना जाड पोलाद कापणारी ज्वाळा आठवते, पण त्याचा जन्मजात स्वभाव बारीक कामाचाच आहे.

१९६४ मध्ये बेल प्रयोगशाळेत दोन शोध लागले आणि पुढची पन्नास वर्षे या धंद्याने त्यांच्यावर काढली. एक म्हणजे निओडिमियम मिसळलेल्या याग स्फटिकाचा लेसर, ज्याचा किरण १.०६ मायक्रॉन तरंगलांबीचा, डोळ्यांना न दिसणारा. दुसरा कार्बन डायऑक्साइड वायूचा, १०.६ मायक्रॉनचा. हा दुसरा ज्यांनी लावला ते सी. कुमार पटेल. त्यांचा जन्म बारामतीचा, आणि १९५८ साली ते पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून पदवी घेऊन बाहेर पडले. लाकूड, चामडे, अॅक्रिलिक, काच यांवर आज गल्लोगल्ली जे कोरीव काम चालते, त्यामागे या बारामतीकराचा वायू आहे. आपल्याकडे ही गोष्ट ज्या मानाने माहीत असायला हवी, त्या मानाने नाही.

भारतातही साठीचे दशक रिकामे गेले नाही. तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रात त्याच दशकात गॅलियम आर्सेनाइडचा अर्धवाहक लेसर तयार झाला आणि त्याच्या किरणावरून तुर्भे ते टाटा मूलभूत संशोधन संस्था असे बोलणे पाठवून पाहिले गेले. पुढे लेसर विभाग वाढवण्यात ज्यांचा मोठा हात होता ते दिलीप देवीदास भवाळकर. मूळचे सागरचे, मध्य प्रदेशातल्या जुन्या मराठी वस्तीच्या शहरातले. सागर विद्यापीठात शिकून, इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनला पीएचडी करून ते मुंबईला आले.

इंदूरच्या केंद्राची पायाभरणी १९ फेब्रुवारी १९८४ रोजी राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते झाली. अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष तेव्हा राजा रामण्णा होते. होळकरांच्या सुखनिवास तलावाकाठची जागा निवडली गेली आणि नाव ठरले प्रगत तंत्रज्ञान केंद्र. इंग्रजी आद्याक्षरांवरून इंदूरकरांच्या तोंडी ते ‘कॅट’ झाले ते आजतागायत. मे १९८४ मध्ये बांधकाम सुरू झाले. जून १९८६ मध्ये मुंबईहून शास्त्रज्ञांची पहिली तुकडी आली. मुंबईतले क्वार्टर, मुलांच्या शाळा, लोकलची सवय सोडून माळरानावर यायचे होते. ते आले, आणि त्यांच्यापाठोपाठ राजेंद्रनगरात भाड्याच्या खोल्यांचे दर वाढले. भवाळकर पहिले संचालक झाले आणि २००३ पर्यंत त्या पदावर राहिले. २००० साली त्यांना पद्मश्री मिळाली.

सुरुवातीलाच एक गोष्ट ठरली आणि पुढचे सगळे त्यातून आले. लेसर विकत घेऊन त्यावर प्रयोग करायचे नाहीत; लेसरच बनवायचा. हे म्हणायला सोपे आहे. एका याग लेसरच्या पोटात काय काय असते ते पाहा. बोटाएवढी स्फटिकाची कांडी, तिची दोन्ही तोंडे मायक्रॉनच्या अंशापर्यंत सपाट घासलेली. कांडीशेजारी झेनॉन किंवा क्रिप्टॉनचा दिवा. दोघांना कवेत घेणारा, आतून चकचकीत परावर्तक. सगळ्यावरून सतत फिरणारे, क्षार काढून टाकलेले पाणी, कारण दिव्याला दिलेल्या ऊर्जेतला फारच थोडा भाग किरणात उतरतो आणि बाकीची सारी उष्णता होते. दोन टोकांना आरसे, त्यांच्यावर एकावर एक चढवलेले पातळ थर. मागे धारित्रांची फळी आणि हजारो व्होल्ट हाताळणारा वीजपुरवठा. यातली प्रत्येक वस्तू म्हणजे एक वेगळी कारागिरी. केंद्रात स्फटिक वाढवणारे निराळे, आरशांवर थर चढवणारे निराळे, वीजपुरवठा बांधणारे निराळे. एखाद्या गावात जसे बारा बलुतेदार हवेत, तसे इथे एका किरणासाठी सगळे लागले.

मग येतो खरा प्रश्न: किरण तयार झाला, त्याच्याकडून बारीक काम कसे घ्यायचे? भिंगाने किरण एकवटला की वीस-तीस मायक्रॉनचा ठिपका मिळतो. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. पण एवढा लहान ठिपका मिळाला म्हणजे काम झाले असे होत नाही, कारण उष्णता ठिपक्यात बसून राहत नाही, ती पसरते. किती पसरेल हे वेळेवर ठरते. स्टेनलेस स्टीलमध्ये एक मिलिसेकंदात ती सुमारे दहावा भाग मिलिमीटर धावते, म्हणजे केसाच्या रुंदीच्याही पुढे. तेच काम दहा नॅनोसेकंदांत उरकले तर ती अर्धा मायक्रॉनही जात नाही. आरती घेताना निरांजनाच्या ज्योतीवरून आपण हात झटकन फिरवतो आणि तो भाजत नाही. ज्योत तितकीच कडक असते, पण कातडीच्या आत शिरायला तिला वेळ मिळत नाही. लेसरच्या कारागिराला हाच वेळेचा हिशेब दोन्ही बाजूंनी करावा लागतो. जोडकाम असेल तर धातू वितळायला पुरेसा वेळ द्यायचा, मिलिसेकंदांचे स्पंद वापरायचे. खूण कोरायची असेल तर पृष्ठभाग वाफ होऊन उडून जावा आणि शेजाऱ्याला कळूही नये, म्हणून नॅनोसेकंदांचे स्पंद. त्यासाठी कांडीत ऊर्जा साठू द्यायची, आतला मार्ग अडवून धरायचा आणि मग धरणाचे दार उघडावे तसा तो एकदम मोकळा करायचा. फेम्टोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या एक हजार अब्जाव्या भागाच्याही हजाराव्या भागात मोजायच्या स्पंदांत, तर अणूंच्या जाळीला तापायलाही सवड मिळत नाही; काचेसारख्या ठिसूळ पदार्थातूनही तडा न जाता कण निघून येतात.

केंद्राने पहिल्यांदा ज्यात नाव काढले ते जोडकाम होते. हृदयाचा पेसमेकर टिटॅनियमच्या छोट्या डबीत बंद करतात. डबीच्या दोन वाट्यांची कड जुळवून जोड द्यायचा असतो, आणि आत काही मिलिमीटरवर बॅटरी व इलेक्ट्रॉनिक सर्किट असते, ज्यांना उष्णता चालत नाही. शिवाय टिटॅनियम तापले की हवेतला ऑक्सिजन शोषते आणि ठिसूळ होते, म्हणून जोडावर आर्गॉन वायूचा झोत हवा. पेसमेकरच्या डब्या लेसरने बंद करायचे काम केंद्रात झाले. अशा जोडाकडे भिंगातून पाहिले तर नाण्यांची चळत आडवी पाडावी तशी एकावर एक सरकलेल्या गोल ठिपक्यांची रांग दिसते. प्रत्येक ठिपका म्हणजे एक स्पंद. रांग रुपेरी असेल तर जोड चांगला. निळसर किंवा पांढुरकी झाक आली की समजावे, आर्गॉन कुठेतरी कमी पडला. नंतर डबी हेलियमच्या गळती चाचणीत जाते, पण अनुभवी डोळ्याला रंगावरूनच निम्मे कळलेले असते.

याच जातीचे आणखी एक काम मुंबईला, तुर्भ्याच्याच भाभा अणुसंशोधन केंद्रात झाले, आणि त्याचा उल्लेख इथे केल्याशिवाय राहवत नाही. डोळ्याच्या व प्रोस्टेटच्या कर्करोगावर आयोडीन-१२५ चे सूक्ष्म ‘दाणे’ गाठीजवळ ठेवतात. दाणा म्हणजे टिटॅनियमची नळी: लांबी ४.७५ मिलिमीटर, जाडी ०.८ मिलिमीटर, भिंत ०.०५ मिलिमीटर. तांदळाच्या कणीएवढ्या त्या नळीत किरणोत्सारी तुकडा ठेवून दोन्ही तोंडे याग लेसरने वितळवून बंद करायची. भिंत इतकी पातळ की स्पंद जरा जास्त झाला तर भोक, जरा कमी झाला तर फट. फट राहिली तर आयोडीन रुग्णाच्या शरीरात. परदेशातून येणारे दाणे महाग पडत. देशात बनू लागल्यावर भारतीय रुग्णालयांत ते वापरात आले.

या इतिहासात माझ्या मते सर्वांत मोठे पान नरोऱ्याचे आहे. गंगेकाठच्या नरोरा अणुवीज केंद्राच्या प्रत्येक भट्टीत ३०६ आडव्या नळ्या असतात. त्यांत इंधन असते आणि त्यांतून जड पाणी वाहते. सुरुवातीच्या नळ्या झिर्कलॉय-२ च्या होत्या. वर्षानुवर्षे हायड्रोजन शोषून त्या ठिसूळ होऊ लागल्या, तेव्हा सगळ्या काढून झिर्कोनियम-निओबियमच्या नव्या बसवायचे ठरले. नळी काढायची म्हणजे तिच्या दोन्ही टोकांशी असलेला बेलोजचा, म्हणजे चुण्यांच्या लवचीक नळीचा, जोड आधी कापायचा. ३०६ नळ्या, दोन टोके, म्हणजे एका भट्टीत ६१२ जोड. आणि हे सगळे अशा जागी, जिथे माणूस उभा राहिला की त्याच्या अंगावर किरणोत्साराची मात्रा मिनिटामिनिटाला वाढत जाते. कापायचे यांत्रिक हत्यार तिथे नेऊन बसवणे, फिरवणे, अडकले तर सोडवणे, यात माणसे जास्त वेळ भट्टीसमोर राहत.

केंद्राच्या मंडळींनी लेसर बाहेर सुरक्षित जागी ठेवला. किरण लांब प्रकाशीय तंतूतून, म्हणजे मिलिमीटरहून बारीक काचेच्या धाग्यातून, आत नेला. टोकाला छोटे नोझल, ते जोडाभोवती फिरवणारी पकड. माणसाने पकड बसवायची आणि बाजूला व्हायचे, कापणे बाहेरून. लेसरला धार नसते, तो वस्तूला टेकत नाही, त्यामुळे अडकायचा प्रश्न नाही आणि बोथट व्हायचाही नाही. २००६ च्या सुमारास नरोऱ्याच्या पहिल्या भट्टीत हे झाले, मग दुसऱ्या भट्टीत. वेळ वाचला, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कामगारांच्या अंगावर येणारी मात्रा कमी झाली. मला लेसरविषयीच्या सगळ्या कौतुकात हे कौतुक सर्वांत आवडते. पेसमेकर बनवताना शेवटी एक रुग्ण डोळ्यांसमोर असतो; इथे हातात पाने धरून उभा असलेला फिटर डोळ्यांसमोर होता, आणि ज्याचे नाव कुठल्याही शोधनिबंधावर येणार नाही अशा त्या माणसासाठी स्फटिकवाल्यांपासून वीजपुरवठावाल्यांपर्यंत सगळे राबले.

याच लेसरचा एक गुण इथे सांगायला हवा. एका उगमातून निघालेला किरण आळीपाळीने वेगवेगळ्या तंतूंत सोडता येतो. म्हणजे यंत्र एक, कामाच्या जागा अनेक. गावच्या पाटाचे पाणी जसे पाळीने शेतात फिरवतात, तसेच. किमती उपकरण पुरवून वापरण्याची ही पद्धत आपल्या मातीतली वाटते.

१९९९ मध्ये इंडस-१ सुरू झाले, २००५ मध्ये इंडस-२. १७ डिसेंबर २००५ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी इंडस-२ राष्ट्राला अर्पण केले आणि त्याच दिवशी केंद्राला राजा रामण्णांचे नाव दिले. रामण्णा आदल्या वर्षीच गेले होते. इंडस-२ वर एक किरणमार्ग क्ष-किरण लिथोग्राफीसाठी आहे. खोल आणि उभ्या भिंतींची सूक्ष्म रचना कोरायची तर तिथे जातात. लेसरच्या बारीक कामाचे ते सख्खे भावंड. एवढे सांगून पुढे जातो, कारण तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे. संचालकपदावर पुढच्या काळात नाईक, नाखे, मालशे ही आडनावे वाचली की आम्हा इंदूरच्या मराठी माणसांना बरे वाटते, तेही नोंदवून ठेवतो.

दरम्यान बाजार बदलत होता. दिव्याने पेटणारा याग लेसर पाणी मागतो, जागा मागतो, दिवा ठरावीक स्पंदांनंतर बदलावा लागतो, आणि दिवा बदलला की आरसे पुन्हा जुळवावे लागतात. फायबर लेसरमध्ये इटर्बियम मिसळलेल्या काचेच्या धाग्यातच किरण जन्माला येतो. आरसे हलण्याचा प्रश्नच नाही, गार ठेवायला बहुधा पंखा पुरतो. खुणा कोरायच्या यंत्रात त्याच्या पुढे दोन आरसे असतात, गॅल्व्हो नावाच्या चपळ मोटरींवर बसवलेले, नखाहून फार मोठे नसलेले. एक आडवे वळवतो, एक उभे. किरण त्या दोघांच्या इशाऱ्यावर नाचतो आणि डोळ्याचे पाते लवायच्या आत बेअरिंगवर अनुक्रमांक उमटतो. पिथमपूरच्या कारखान्यांत, चाकण-भोसरीच्या शेडमध्ये, सुरतेच्या हिऱ्याच्या कारखान्यांत, सराफ्यातल्या सोन्यावर आज हे यंत्र आहे. केंद्रानेही इटर्बियमचे फायबर लेसर तयार केले. पण टेबलावर मावणारे, स्वस्त यंत्र बाहेरून इतक्या झपाट्याने आले की लहान वर्कशॉपवाल्याने उगम कुठला हे विचारलेच नाही. केंद्राची विद्या अणुभट्टीपर्यंत पोचली, रुग्णालयापर्यंत पोचली. इंदुरातल्याच सांवेर रोडवरच्या दोन माणसांच्या वर्कशॉपपर्यंत पोचायला तिला जास्त वेळ लागला, याची मला मनापासून खंत आहे. तिथल्या मुलाला दिवा, स्फटिक, आरसे यांचे गणित कळले असते, तर तो यंत्र बिघडल्यावर डबा परत पाठवून महिनाभर वाट पाहत बसला नसता.

राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास केंद्राची दारे शाळकरी मुलांना उघडतात. मुले गर्दी करतात ती इंडसच्या गोलाकार दालनापाशी, आणि तसे होणारच. मी एकदा लेसरच्या टेबलापाशी रेंगाळलो होतो. किरण बंद होता, संरक्षक चष्मे खुंटीला टांगलेले. टेबलाच्या कोपऱ्यात स्टेनलेस स्टीलची तळहाताएवढी पट्टी पडली होती. तिच्यावर ठिपक्यांच्या ओळीच ओळी: काही नुसत्या पिवळसर डागासारख्या, काही खोल, काहींच्या काठावर वितळलेल्या धातूची कड उचललेली. काम सुरू करण्यापूर्वी शक्ती आणि वेग बदलून पाहण्याची ही चाचणी पट्टी. प्रत्येक ओळीपुढे काळ्या मार्करने आकडे लिहिले होते, दोन ठिकाणी खोडून पुन्हा लिहिलेले. खालून तिसऱ्या ओळीतल्या एका ठिपक्याभोवती कुणीतरी गोल केला होता, आणि शेजारी बाण काढून मराठीत लिहिले होते, ‘हाच’.